सांध्यावरचा माणूस
(बांधकाम प्रकल्प व्यवस्थापनाच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी : प्रस्तावना)

बांधकामाच्या जागेवर बहुतेकांचे काम डोळ्यांना दिसते. गवंडी वीट लावतो, सुतार सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतो, बारबेंडर सळई वाकवतो, आर्किटेक्ट नकाशा उलगडून उभा असतो, ठेकेदार फोनवर सिमेंटवाल्याशी हुज्जत घालत असतो. प्रकल्प व्यवस्थापक मात्र दिवसभर इकडून तिकडे फिरताना, कुणाशी तरी बोलताना, नाहीतर वहीत काही टिपताना दिसतो. काम पुरे झाले की कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव लागते, पाटीवर वास्तुशिल्पकाचे. याचे नाव कुठेच नसते. लग्नाच्या बोलणीत 'मुलगा साइटवर असतो' यापलीकडे त्याची ओळख जात नाही. मग हा माणूस करतो तरी काय, आणि एखाद्या तरुणाने किंवा तरुणीने आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे या कामात का घालावीत?

माझे उत्तर थोडक्यात असे : तो सांधे सांभाळतो. कुठलीही गच्ची पाहा. ती मधोमध क्वचितच गळते. गळते ती कठडा आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे, किंवा पाइप जिथे स्लॅबमधून उतरतो तिथे. प्रकल्पाचेही तसेच असते. एकेक माणूस आपापले काम बरे करतो, तरी एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते त्या जागी घोटाळा होतो. तो सांधा कुणाच्याच ठेक्यात लिहिलेला नसतो. ज्याच्या पगारात तो लिहिलेला असतो, तो प्रकल्प व्यवस्थापक.

जबलपूरच्या उत्तरेला, आधारतालला लागून असलेल्या रिछाई औद्योगिक क्षेत्रात लोखंडी सांगाड्याची एखादी नवी शेड उभी राहताना पाहिली, तर हे चटकन कळते. शेडचे खांब दुसऱ्या गावच्या कारखान्यातून तयार होऊन येतात. प्रत्येक खांबाच्या तळाला जाड पत्रा आणि त्यात चार भोके. ज्या पायावर तो बसणार तो पाया इथला स्थानिक ठेकेदार भरतो आणि काँक्रीट ओले असतानाच त्यात चार अँकर बोल्ट रोवून ठेवतो. नकाशा तिसऱ्याचा, जमिनीचा अहवाल चौथ्याचा. काँक्रीट ओतताना व्हायब्रेटरच्या नळीचा धक्का बसला, वर धरलेला साचा हलला आणि बोल्ट दहा-बारा मिलिमीटर सरकला, तर त्या दिवशी कुणाच्याही लक्षात येत नाही. महिन्याभराने ट्रेलर येतो, तासाच्या भाड्याने आणलेली क्रेन खांब उचलते आणि भोके बोल्टवर बसत नाहीत. फॅब्रिकेटर म्हणतो, सिव्हिलवाल्यांनी घाण केली. सिव्हिलवाला म्हणतो, सुधारलेला नकाशा आम्हाला दिलाच कुणी? मग गॅस कटर निघतो आणि जे भोक गोल हवे ते लांबोडके होते. पाया चांगला होता, खांबही चांगला होता. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या संध्याकाळी दोरी धरून, नकाशाचा शेवटचा रिव्हिजन नंबर वाचून, बोल्टांतली अंतरे मोजणारा माणूस तेवढा तिथे नव्हता. हे पुस्तक त्या माणसाविषयी आहे.

हे पुस्तक जबलपुरातून आणि मराठीत का, असे कुणी विचारील. सांध्याच्या कामाला हे गाव अनोळखी नाही. मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडून अलाहाबादमार्गे आलेली ईस्ट इंडियन रेल्वे या दोन वेगळ्या कंपन्यांचे रूळ मार्च १८७० मध्ये इथेच जुळले आणि मुंबई-कलकत्ता सलग प्रवास सुरू झाला. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत जगप्रवास करणाऱ्या नायकाची गाडी अलाहाबादच्या अलीकडे थांबते, कारण वर्तमानपत्रात मार्ग पूर्ण झाल्याची बातमी आली तरी मधला पन्नासेक मैलांचा तुकडा बाकी असतो. त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. कादंबरी आली तेव्हा प्रत्यक्षात रूळ जुळलेले होते. पण कागदावर पूर्ण आणि जागेवर अपूर्ण, हा प्रकार साइटवर काम करणाऱ्या कुणालाही कादंबरीतला वाटणार नाही.

तोफगाडी कारखाना, रेल्वे, सरकारी कचेऱ्या अशा निमित्तांनी मराठी घरे इथे स्थिरावली. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, आणि १९४७ साली प्रांताचे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय जबलपूरलाच उघडले. त्यामुळे घरी मराठी, साइटवर हिंदी, करारात इंग्रजी आणि लेबर कॅम्पवर बुंदेली, छत्तीसगढी किंवा उडिया, ही कसरत इथल्या मराठी अभियंत्याच्या अंगवळणी पडलेली आहे. कराराच्या कलमातली अट सळई बांधणाऱ्याच्या कानापर्यंत त्याच्या बोलीत पोचवणे हा या कामाचा निम्मा भाग आहे. तो कुठल्याही पदवीत शिकवत नाहीत.

हे काम आले कुठून

मोठी बांधकामे आपल्याकडे नवी नाहीत. पण ठरलेला पैसा, ठरलेली मुदत, अनेक ठेकेदार आणि त्या सगळ्यांवर लेखी करार, हे आजच्या अर्थाचे प्रकल्पाचे रूप रेल्वेबरोबर आले. त्याचा पहिला मोठा धडा मराठी मुलखातच, भोर घाटात मिळाला. १८५६ च्या सुरुवातीला फॅव्हिएल नावाच्या इंग्रज ठेकेदाराने घाटातल्या रेल्वेमार्गाचे काम हाती घेतले. सुमारे १५ मैलांचा चढ, १,८०० फुटांहून अधिक उंची आणि २५ बोगदे. खाली पोटठेकेदारांची उतरंड लागली, मजुरी वरून निघाली की मध्येच अडकू लागली, आणि १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. फॅव्हिएलने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला. पुढे त्याची पत्नी ॲलिस हिने ठेका आपल्या नावावर चालू ठेवला, ॲडमसन आणि क्लाऊझर या दोन अनुभवी माणसांवर जागेवरचे काम सोपवले आणि एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर डोंगरावर होते, आणि साथींनी व अपघातांनी हजारो माणसे गेली. त्यांची नीट मोजदादही झाली नाही. पैसा वेळेवर खालपर्यंत पोचला नाही तर काम थांबते, आणि योग्य माणसांना अधिकार दिला तर मालक जागेवर नसतानाही काम होते. या व्यवसायाचे दोन मूळ नियम त्याच घाटात एकापाठोपाठ एक दिसले.

सरकारी बांधकाम खात्याची शाळा याच सुमारास सुरू झाली. खात्याला हाताखालची माणसे हवीत म्हणून १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला. पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि विश्वेश्वरय्यांसारखा विद्यार्थी तिथून बाहेर पडला. मेजरमेंट बुक, दरसूची, तांत्रिक मंजुरी आणि प्रशासकीय मंजुरी हे या खात्याने रुजवलेले शब्द आजही खाजगी कंपन्यांपर्यंत चालतात. मोजल्याशिवाय पैसा नाही, लिहिल्याशिवाय मोजमाप नाही, ही त्या शाळेची शिस्त. सही कुणाची आणि निर्णय कुणाचा, यात महिने जातात, हा तिचा दोष.

दुसरी शाळा देशी ठेकेदारांची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी लक्ष्मण बळवंत फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या मातीकामापासून सुरुवात केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली आणि भोर घाटातल्या नव्या बोगद्यांचे काम तिच्या पहिल्या मोठ्या कामांत गणले जाते. वाईजवळच्या पसरणीचे बी. जी. शिर्के पुण्यात शिकून १९४४ साली धंद्यात उतरले, आणि पुढे कारखान्यात घडवलेल्या घटकांतून घरे बांधण्याचा मार्ग त्यांनी धरला. जागेवरचे अनिश्चित काम जमेल तितके कारखान्यात नेले, तर जागेवर सांभाळायचे सांधेही तेवढे कमी होतात, हे त्यामागचे तर्कशास्त्र. रिछाईतली बोल्टची गोष्ट त्याच तर्काची दुसरी बाजू दाखवते : जे सांधे उरतात, ते मग मिलिमीटरमध्ये मोजावे लागतात.

पुढचा धडा कडू आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. मूळ वेळापत्रकाच्या आधीच, त्या पावसाळ्यात पाणी अडवायचे असा आग्रह होता. पाणी सोडण्याच्या नळाचे काम पुरे झाले नव्हते, आणि धरणाची माती खचली ती नेमकी त्या नळाच्या वर. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून शहराला काही तास मिळाले. धरणाच्या स्थापत्याची चर्चा अभियंते अजून करतात. व्यवस्थापनाचा धडा मात्र सोपा आहे. मुदत अलीकडे ओढली तर त्या मुदतीआड येणारे प्रत्येक अपुरे काम कुणीतरी नाव घेऊन मोजले पाहिजे, आणि 'यंदा नाही' हे सांगण्याचा अधिकार कुणाकडे तरी असला पाहिजे.

असा अधिकार मिळाल्यावर काय होते हे कोकण रेल्वेने दाखवले. १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, रोख्यांतून पैसा उभा राहिला आणि रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला. हजारो जमीनमालकांशी बोलणी, गोव्यातला मार्गाचा वाद, रत्नागिरीजवळ पानवळ नदीवरचा उंच पूल, पेडण्याच्या बोगद्यात पुन्हा पुन्हा ढासळणारी मऊ माती. पाच वर्षांची आखणी आठवर गेली. तरीही तिथे निर्णय जागेवरच्या माणसांकडे होते, आणि उरलेले दिवस उलटे मोजणारी घड्याळे कार्यालयांत लावलेली होती. पुढे मेट्रोच्या कामांवर याच पद्धतीचा ठसा उमटला.

विचारांच्या शाखा

हे सगळे अनुभवाने शिकणे होते. विसाव्या शतकात त्याला शास्त्राचे रूप आले, आणि नवख्या वाचकाला त्यातल्या चार प्रवाहांची ओळख हवी.

पहिला वेळेचा. हेन्री गँट यांचा पट्ट्यांचा तक्ता १९१० च्या दशकातला. आपल्या साइट ऑफिसात भिंतीवर चिकटवलेला बार चार्ट तो हाच. कुठले काम कधी, हे तो सांगतो. कुठले काम कशामुळे अडले, हे तितके सांगत नाही. ती उणीव १९५७ च्या सुमारास ड्यूपाँ आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांनी मिळून घडवलेल्या क्रिटिकल पाथ पद्धतीने भरली, आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून पर्ट निघाले. गाभा साधा आहे. सात मजल्यांच्या इमारतीत रंगकाम आठ दिवस लांबले तर कदाचित काही बिघडत नाही. पण लिफ्टची ऑर्डर आठ दिवस उशिरा गेली, तर ताबा आठ दिवस पुढे जातो. कुठल्या उशिराची काळजी करायची आणि कुठल्याची नाही, हे कळणे म्हणजे क्रिटिकल पाथ कळणे.

दुसरा पैशाचा. 'अर्न्ड व्हॅल्यू' हा शब्द मोठा, हिशेब लहान. आजपर्यंत ४० लाखांचे काम व्हायला हवे होते, झाले ३० लाखांचे आणि खर्च झाले ३६ लाख. म्हणजे वेळेत आपण पाऊणावर आहोत आणि खर्चलेल्या प्रत्येक रुपयामागे साधारण ८३ पैशांचे काम मिळते आहे. नुसता खर्च पाहणारा मालक खूश असतो, कारण ४० ऐवजी ३६ च गेले. तिन्ही आकडे शेजारी ठेवणाऱ्याला मात्र दोन्हीकडून धोका दिसतो.

तिसरा कराराचा. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५७ साली कराराच्या नमुना अटी काढल्या. जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या कामांत त्या आपल्याकडेही रुळल्या. या शाखेचा धर्म म्हणजे नोंद. जागा उशिरा मिळाली, नकाशा उशिरा आला, विजेच्या तारा हटल्या नाहीत, सगळे हिंडरन्स रजिस्टरमध्ये त्याच दिवशी, दोन्ही पक्षांच्या सहीने. ठेकेदाराला मुदतवाढ मिळणार की दंड बसणार, हे पुष्कळदा चार वर्षांनी लवादापुढे त्या वहीच्या एका पानावर ठरते.

चौथा प्रवाह सर्वांत तरुण. फिनलंडचे लाउरी कोस्केला यांनी १९९२ साली बांधकामाकडे कारखान्यातल्या प्रवाहासारखे पाहायला सुचवले, आणि ग्लेन बॅलर्ड यांनी 'लास्ट प्लॅनर' ही पद्धत बांधली. वेळापत्रक वरून लादायचे नाही. ज्या फोरमनच्या हाती काम आहे त्यानेच येत्या आठवड्यात काय नक्की होईल ते सांगायचे, आणि शनिवारी दहापैकी किती वायदे पुरे झाले ते मोजायचे. आपल्या मुकादमाला हे नवे नाही. 'साहेब, माल आला तर सोमवारी स्लॅब' असे तो म्हणतो, तेव्हा त्यातला 'माल आला तर' हा भाग आपण ऐकत नाही. 'लीन' म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत नेमका तोच ऐकायला शिकवते.

इमारतीची त्रिमिती प्रतिकृती आधीच संगणकावर बांधून पाइप आणि बीम कुठे आदळतात ते शोधणारे 'बिम' (BIM) हे तंत्र, ड्रोनने केलेले मोजमाप, मोबाइलवरची दैनंदिनी ही साधने या चारही प्रवाहांना वेग देतात, पण विचाराची जागा घेत नाहीत. भारतीय मानक संस्थेने २००९ पासून आयएस १५८८३ या मालिकेत बांधकाम प्रकल्प व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. इंग्रजी जाडजूड ग्रंथ उघडण्याआधी ती वाचावीत.

कुठल्या खुर्चीत बसायचे

'प्रोजेक्ट मॅनेजर' ही पाटी एकच असली तरी खुर्च्या निरनिराळ्या आहेत. ठेकेदाराचा व्यवस्थापक नफा-तोट्याचा धनी असतो. मजूर, यंत्रे आणि माल यांत त्याचा दिवस जातो. विकासकाच्या बाजूचा व्यवस्थापक ग्राहक, बँक आणि पालिका यांच्यामध्ये उभा असतो. पीएमसी, म्हणजे सल्लागार कंपनीचा माणूस, मालकाचे डोळे असतो. त्याच्या हातात अधिकार कमी आणि अहवाल जास्त. सरकारी कार्यकारी अभियंता जनतेच्या पैशाचा राखणदार. कारखानदाराच्या बाजूने विस्तार प्रकल्प पाहणारा, रिछाईसारख्या औद्योगिक क्षेत्रात भेटणारा व्यवस्थापक तर एकटाच सगळे असतो. चालू उत्पादन न थांबवता शेजारी नवे बांधायचे, हे त्याचे खास दुखणे.

इथे पोचायची वाट बहुधा डिप्लोमा किंवा पदवीनंतर साइट इंजिनियर म्हणून सुरू होते. पुढे प्लॅनिंग, बिलिंग, गुणवत्ता किंवा सुरक्षा यांपैकी एका खोलीत काही वर्षे, मग एका भागाचा मुखत्यार आणि त्यानंतर पूर्ण प्रकल्प. ठेकेदार कंपन्यांच्या पुढाकाराने १९८३ साली सुरू झालेली आणि पुण्यात रुजलेली निकमार ही संस्था आता विद्यापीठ झाली आहे. अमेरिकेतल्या पीएमआयची, १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेची, पीएमपी परीक्षाही अनेकजण देतात. त्यांचा उपयोग आहेच. पण ज्याने कधी आरए बिल, म्हणजे चालू कामाचे बिल, स्वतःच्या हाताने केले नाही, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचा २८ दिवसांचा निकाल नापास आल्यावर ठेकेदाराच्या डोळ्यांत पाहून 'हा कॉलम तोडावा लागेल' असे सांगितले नाही, त्याला प्रमाणपत्राने व्यवस्थापक करता येत नाही. उलट, वीस वर्षे साइटवर काढूनही करार न वाचणारा माणूस फोरमनच राहतो.

मुली या वाटेवर वाढत आहेत. त्यांना हुशारीची नव्हे, स्वच्छतागृहाची, संध्याकाळच्या वाहनाची आणि 'मॅडम, तुम्ही ऑफिस पाहा' या वाक्याची अडचण येते. पहिल्या दोन गोष्टी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घालता येतात, आणि त्या घालणे हे व्यवस्थापकाचे काम आहे. तिसरी त्याच्या स्वतःच्या वागण्यातून जाते.

जबलपूरचे दाखले

हा व्यवसाय का कठीण आहे याचे पुरावे या शहराच्या आसपासच आहेत. नर्मदेवरचे बर्गी धरण १९७४ ते १९९० या काळात झाले. त्यात १६२ गावे बाधित झाली. विस्थापितांची घडी बसवणे हा धरणाच्या वेळापत्रकातला एक पट्टा न मानता कडेची बाब मानली, की काय होते हे इथल्या मासेमारांच्या आणि विस्थापितांच्या दीर्घ लढ्यांनी सांगितले आहे. धरण उभे राहिले तरी पाणी पुढे नेणारी कामे रेंगाळली. कटनी जिल्ह्यात स्लीमनाबादजवळ नर्मदेचे पाणी सोन खोऱ्याकडे नेणारा सुमारे १२ किलोमीटरचा बोगदा २००८ च्या सुमारास हाती घेतला, तो दीड दशकाहून अधिक काळ चालत राहिला. जमिनीच्या पोटात काय आहे याचा अंदाज आणि प्रत्यक्ष खोदकाम यांमधला सांधा किती महाग पडतो, याचा हा धडा.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाने हादरवले. चाळीसच्या आसपास माणसे गेली. तळमजला पार्किंगसाठी मोकळा ठेवलेल्या काही इमारतींचे खांब तडकले, कारण वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब. कारणाचा एक धागा थेट साइटवर जातो. खांबाभोवतीच्या रिंगचे टोक १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रोवायचे असते, असे आयएस १३९२० सांगते. घाईत ते ९० अंशांतच वाकवले, तर एरवी काही बिघडत नाही. भूकंपात वरचे काँक्रीट निघते आणि रिंग उघडते. टोक किती वळले हे ओतण्याआधी पाच मिनिटांत बघता येते, ओतल्यावर कधीच नाही. व्यवस्थापकाच्या बऱ्याचशा निर्णयांना अशीच मुदत असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मदनमहाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. चालत्या शहरात, बाजार सुरू ठेवून, रेल्वेच्या रुळांवरून केबलवर तोललेला पूल नेणे म्हणजे काँक्रीटपेक्षा परवानग्या, ब्लॉकच्या रात्री आणि वाहतूक वळवणे यांचे काम जास्त. जबलपूरच्या ज्या विद्यार्थ्यांनी हे काम वर्षानुवर्षे जाता-येता पाहिले, त्यांनी या विषयाचे पहिले प्रात्यक्षिक फुकट पाहिले आहे.

आत्ताच का

तीन कारणे सांगतो. एक, कायदा. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, कायद्याने, आणि महाराष्ट्रात मे २०१७ पासून महारेराने, ताब्याची तारीख ही जाहिरातीतली ओळ राहू दिली नाही. ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के वाटा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि काम किती झाले याच्या दाखल्यावर तो काढता येतो. म्हणजे प्लॅनिंग इंजिनियरचा तक्ता आता कायद्यापुढची साक्ष झाला आहे.

दोन, वेग. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, आणि मेट्रो, पाणीपुरवठ्याच्या योजना, औद्योगिक वसाहती अशी कामे एकाच वेळी चालली आहेत. वेगाची किंमत मजूर देतात. १ ऑगस्ट २०२३ ला समृद्धीच्या कामावर शहापूरजवळ गर्डर उचलणारे यंत्र कोसळून वीस माणसे गेली. बांधकाम मजुरांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा १९९६ साली आला, पण हेल्मेटचे चित्र फलकावर असणे आणि उंचीवरच्या माणसाचा पट्टा खऱ्याखुऱ्या आधाराला अडकलेला असणे यांतले अंतर रोज सकाळी कुणीतरी चालून तपासावे लागते. सुरक्षा अधिकारी ते तपासतो. पण त्याने काम थांबवले तर त्याच्या पाठीशी उभे राहायचे की नाही, हे व्यवस्थापकाने ठरवायचे असते.

तीन, माणसांची कमतरता. संगणकाच्या नोकऱ्यांनी एक पिढी साइटपासून दूर नेली. आता पन्नाशीतले अनुभवी लोक निवृत्तीकडे निघाले आहेत आणि विशीतली मुले थेट सॉफ्टवेअरवर वेळापत्रक बनवतात. मधली पिढी विरळ आहे. ज्ञान एका पिढीकडून दुसरीकडे जाते तोही एक सांधा, आणि तो आपल्या डोळ्यांदेखत कच्चा होतो आहे.

हे पुस्तक काय करू पाहते

इथे एकत्र केलेले लेखन साइटवर काम केलेल्या माणसांचे आहे. त्यातल्या कुणाचा जन्म नागपूर-अमरावतीकडचा, कुणाचा जबलपूरचा, कुणी आखातात वाळवंटी उन्हात काँक्रीट ओतून परतलेला. त्यांना एकच विनंती होती : सिद्धांत सांगा, पण एखाद्या ठरावीक दिवशी घेतलेल्या निर्णयाच्या आधारे सांगा. म्हणून यात क्रिटिकल पाथ पावसाळ्याआधी तळघर बाहेर काढण्याच्या धांदलीतून समजावला आहे, आणि करार एका अडलेल्या बिलातून. गणित आहे, पण वहीवर करता येईल एवढेच. पगाराचे तक्ते आणि 'यशाची सूत्रे' मुद्दाम घातलेली नाहीत. पगार दरसाल बदलतो, आणि सूत्रे वाचून कुणी व्यवस्थापक झाल्याचे ऐकिवात नाही.

लेखकांचे आपसात जमत नाही, हे वाचकाच्या ध्यानात येईल. कुणी कागदाला देव मानतो, कुणी म्हणतो की चांगला ठेकेदार निवडला तर निम्मी कागदपत्रे वाचतात. कुणी अधिकार वर ठेवू पाहतो, कुणी खाली सोडायला सांगतो. हे मतभेद संपादनात घासून काढले नाहीत. हा व्यवसाय तेवढाच अनिश्चित आहे, आणि नवख्याने एकाच्या मतावर विसंबण्यापेक्षा दोघांचे ऐकून आपल्या साइटवर काय लागू पडते ते पाहावे.

वाचायची रीतही एक सुचवतो. पुस्तक सलग संपवू नका. आज जे काम चालू आहे, त्याला लागून असलेला भाग वाचा. उद्या काय ओतले जाणार आहे, ते कुणाच्या कामावर बसणार आहे आणि त्या दोघांनी एकच नकाशा पाहिला आहे का, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर 'हो' येईल आणि तुम्ही उगाच विचारले असे लोक म्हणतील. एखाद्या वेळी दोघे एकमेकांकडे पाहतील. त्या एका वेळेसाठी हा पगार असतो. हे पुस्तक वाचून एखाद्याने तो प्रश्न एक दिवस आधी विचारला, तर ते कामी आले असे आम्ही समजू.